भाड्याने द्यायचा फ्लॅट: हातचे पैसे घालायचे की कर्ज काढायचं? पुण्यातून सतत येणारे प्रश्न

भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एका ठिकाणी घेतले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: वाकडमधला ८० लाखांचा रिसेल टू बीएचके, भाडं महिना २५ हजार, कर्जाचा दर ८ टक्के, मुदत २० वर्षं. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे घालून बघा. माझे स्वतःचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, एक पूर्ण पैसे भरून घेतलेला आणि एक कर्जावरचा. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

१. "रोखीने घेतो" म्हणजे नोटा देऊन का? एजंट म्हणतो थोडी कॅश द्यावी लागेल.

इथे रोखीने म्हणजे कर्ज न काढता. प्रत्येक रुपया चेकने किंवा आरटीजीएसनेच जायला हवा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "दंड त्याला, मला काय," असं म्हणू नका. दोन नंबरमध्ये दिलेले १० लाख करारात दिसत नाहीत. उद्या तुम्ही विकायला गेलात की ते तुमच्या खरेदी किमतीत धरले जाणार नाहीत आणि तेवढ्या नफ्यावरचा कर तुम्ही भराल. शिवाय कराराची किंमत रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या) मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर तो फरक तुमचंच उत्पन्न धरला जातो.

२. कर्ज काढायचं ठरवलं तरी स्वतःचे किती लागतात?

लोक समजतात त्यापेक्षा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार.

आपल्या उदाहरणात कर्ज फार तर ६४ लाख. स्वतःचे १६ लाख, शुल्क आणि नोंदणीचे ५ लाख ९० हजार, वर पंखे, गिझर, रंग, थोडं फर्निचर. म्हणजे २३ लाख हातात हवेत. पूर्ण पैसे घालून घेतलात तर तोच फ्लॅट ८७ लाखांना पडतो. "८० लाखांचा फ्लॅट" हे फक्त बोलण्यापुरतं.

३. भाड्यातून हप्ता निघेल ना?

पुण्यात निघत नाही. ६४ लाखांचा हप्ता साधारण ५३,५०० रुपये येतो आणि भाडं २५ हजार. तेही पूर्ण हातात पडत नाही. वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा धरा, म्हणजे २ लाख ७५ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, महापालिकेचा कर १८ हजार, ब्रोकर आणि करारनाम्याचे १५ हजार, नळ-रंग-किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार. उरले १ लाख ९१ हजार, महिन्याला जेमतेम १५,९००.

म्हणजे दर महिन्याला खिशातून ३७ हजारांच्या वर घालायचे. वर्षाचे साडेचार लाख.

दोन खर्च नवखे लोक विसरतात. पुणे महापालिका (वाकड तिच्या हद्दीत नाही, ते पिंपरी-चिंचवडमध्ये येतं) स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. आधीचा मालक राहत होता म्हणून त्याचं बिल बघून अंदाज बांधाल तर चुकाल. दुसरा खर्च सोसायटीचा ना-वहिवाट आकार, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे कमिटीला नम्रपणे सांगा. नम्रपणे अशासाठी, की लिफ्टचं काम निघालं की याच लोकांशी बोलायचं असतं.

४. मग कर्जाची कटकटच नको. पूर्ण पैसे भरले तर परतावा किती पडतो?

८७ लाखांवर १ लाख ९१ हजार, म्हणजे २.२ टक्के. हे कर भरण्याआधीचं. भाड्यातून महापालिकेचा कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते (मेंटेनन्स आणि दुरुस्ती त्यातच आली, वेगळी मागता येत नाही) आणि जवळपास १ लाख ८० हजार करपात्र उरतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ५६ हजार कर. हातात १ लाख ३५ हजार, म्हणजे दीड टक्का.

बचत खात्याच्याही खाली. फ्लॅटची किंमत वाढते हा या व्यवहाराचा खरा गाभा आहे, भाडं हे तोवरचं वाटखर्चीचं. ज्यांना दरमहा उत्पन्न हवंय त्यांनी आधी प्रश्न १६ वाचावा.

५. पूर्ण पैसेही नकोत आणि पूर्ण कर्जही नको, तर किती कर्ज काढावं?

भाडं जेवढं पेलेल तेवढं. माझं उत्तर हेच आहे आणि पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

खर्च जाऊन महिना १५,९०० उरतात. तेवढ्या हप्त्यात २० वर्षांसाठी १९ लाख कर्ज बसतं. त्याचं पहिल्या वर्षाचं व्याज दीड लाख. प्रश्न ४ मधल्या १ लाख ८० हजारांतून ते वजा केलं की करपात्र ३० हजार उरतात आणि कर ५६ हजारांवरून ९ हजारांवर येतो. नव्या करपद्धतीतसुद्धा (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी ती; जुन्या पद्धतीत वजावटी आहेत).

आता उलट बाजूने बघा. ३० टक्के स्लॅबवाल्याला हे ८ टक्क्यांचं कर्ज वजावटीमुळे साडेपाच टक्क्यांना पडतं. वाचलेले १९ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर कर जाऊन साडेचार टक्के मिळतात. फरक एक टक्क्याचा, वर्षाला १९ हजार. त्या बदल्यात १९ लाख हाताशी राहतात. भाडेकरू मध्येच गेला, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, सोसायटीने मोठ्या दुरुस्तीची वर्गणी लावली, तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

कर्ज साडेबावीस लाखांच्या पुढे गेलं की मात्र वर्षाचं व्याज करपात्र भाड्यापेक्षा मोठं होतं आणि नव्या करपद्धतीत तो जादा भाग कर वाचवायच्या कामाचा राहत नाही. तिथून पुढचं कर्ज पूर्ण ८ टक्क्यांचं. ते काढावं का, हे प्रश्न ७ मध्ये.

हा हिशेब भाडं, दर आणि स्लॅब यांवर हलतो. वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत तसाही कर लागत नाही, मग व्याजाची वजावट असून नसल्यासारखी. अशांनी कर्ज काढायचंच तर फक्त पैसे हाताशी राहावेत म्हणून.

६. सीए म्हणतात व्याजावर २ लाखांची मर्यादा आहे, बँकवाला म्हणतो मर्यादाच नाही. खरं कोण?

दोघंही अर्धं बोलतात. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला मर्यादा नाही, त्या भाड्यातून सगळं वजा होतं. पण व्याज जास्त होऊन तोटा दिसला तर जुन्या पद्धतीत पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वळता करता येतो आणि उरलेला तोटा ८ वर्षं पुढे ओढता येतो, तोही फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर. नव्या पद्धतीत तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढेही नेता येत नाही.

६४ लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षी व्याज ५ लाख ७ हजार. १ लाख ८० हजार भाड्यात जिरलं, तोटा ३ लाख २७ हजार. जुन्या पद्धतीत २ लाख पगारातून, १ लाख २७ हजार पुढच्या वर्षांकडे. नव्या पद्धतीत ३ लाख २७ हजारांवर पाणी.

७. पण माझ्या मित्राने २० लाख घालून ८० लाखांचा फ्लॅट घेतला आणि आज तो करोडपती आहे.

शक्य आहे. किंमत वाढते ती पूर्ण ८० लाखांवर आणि तुमचे पैसे २३ लाखच, म्हणून वाढ मोठी दिसते. पण प्रश्न ३ मधले साडेचार लाख मित्र सांगत नाही.

एका वर्षाचा ताळा घालू. किंमत ५ टक्क्यांनी वाढली तर ४ लाख. हप्त्यातून मुद्दल फिटलं १ लाख ३५ हजार. खिशातून गेले साडेचार लाख. निव्वळ ८५ हजार, म्हणजे २३ लाखांवर ३.७ टक्के. पूर्ण पैसे घातलेल्याला त्याच वर्षी ४ लाखांची वाढ आणि १ लाख ३५ हजार भाडं, ८७ लाखांवर ६ टक्क्यांच्या थोडं वर. किंमत ८ टक्क्यांनी वाढली तर कर्जवाला १४ टक्के आणि पूर्ण पैसेवाला ९ टक्क्यांच्या आसपास. ३ टक्क्यांनीच वाढली तर कर्जवाला तोट्यात.

दोन्ही पारडी सारखी होतात ती साधारण ६ टक्क्यांच्या वाढीला. म्हणजे मोठं कर्ज काढणारा माणूस "या भागात दरवर्षी ६ टक्क्यांच्या वर वाढ होईल" अशी पैज लावत असतो, मग ते त्याला कळो न कळो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गाजवळ ही पैज लावणारे पुष्कळ आहेत. पण मेट्रो येणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्याने ते किमतीत आधीच धरलेलं असतं.

८. राहत्या घराचं २५ लाखांचं कर्ज चालू आहे. जमलेल्या पैशातून ते फेडू की भाड्याचा फ्लॅट रोखीने घेऊ?

नव्या करपद्धतीत असाल तर आधी राहत्या घराचं फेडा आणि भाड्याच्या फ्लॅटवर कर्ज काढा. राहत्या घराच्या व्याजाला त्या पद्धतीत वजावट नाही, भाड्याच्या घराच्या व्याजाला भाड्यापुरती आहे. तेवढंच कर्ज, तोच दर, फक्त कोणत्या दारावर टांगलंय त्याने वर्षाला ५० हजारांच्या आसपास फरक पडू शकतो. रक्कम प्रश्न ५ च्या मर्यादेत ठेवा.

जुन्या पद्धतीत राहत्या घरावर २ लाखांपर्यंत व्याज वजा होतं, तिथे घाई नाही.

९. पूर्ण पैसे तयार असतील तर किंमत कमी होते का?

रिसेलमध्ये हो, घासाघीस करायला बळ येतं. विकणाऱ्याने स्वतः दुसरीकडे विसार दिलेला असतो, त्याला तारीख गाठायची असते. बँकेची कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, मंजुरी आणि मग चेक यात काही आठवडे जातात. "सगळं व्हाइट, पंधरा दिवसांत रजिस्ट्रेशन," हे वाक्य वजनदार आहे. किती कमी होईल ते माणसावर आहे.

बिल्डरकडे तितका उपयोग नाही. त्याच्या दारात बँकेचा माणूस टेबल टाकूनच बसलेला असतो.

१०. कर्ज नाही म्हणजे बँकेची तपासणीही नाही. कागद कोण बघणार?

तुम्ही, म्हणजे तुमचा वकील. बँकेच्या वकिलाचा एक फायदा कुणी मोजत नाही: तो नाही म्हणू शकतो. पूर्ण पैसे देणाऱ्याला अडवणारं कुणी नसतं आणि एजंटला तर टोकन हातात पडण्याची घाई.

किमान एवढं बघाच: ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, आधीच्या सगळ्या करारांच्या मूळ प्रती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकतकराची पावती. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर १ टक्क्याचा नियम लागू नाही, बरीच जास्त रक्कम कापावी लागते आणि न कापल्यास वसुली तुमच्याकडून होते.

माझी एक युक्ती: थोडंसं तरी कर्ज मागा. बँकेने मंजूर केलं तर तुमच्या वकिलाच्या मतावर दुसरा शिक्का बसला. नाकारलं तर कारण विचारा, फी वसूल झाली समजा.

११. धायरीजवळ फ्लॅट खूप स्वस्त मिळतोय, फक्त "लोन होणार नाही" म्हणतात. रोखीने घ्यावा का?

लोन का होत नाही ते लेखी विचारा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. धायरी, आंबेगाव, उंड्री पहिल्या खेपेतली. नऱ्हे, वाघोली, नांदेड, मांजरी दुसऱ्या खेपेतली. या पट्ट्यात उत्तम, परवानग्या असलेले प्रकल्प आहेत आणि त्यांच्या शेजारीच गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेल्या जमिनीवर), बांधकाम परवानगीशिवाय उठलेल्या इमारतीही आहेत. दुसऱ्या प्रकाराला बँका हात लावत नाहीत.

भाडं दोन्हीकडे येतं, भाडेकरू भोगवटा पत्र विचारत नाही. म्हणून कागदावर परतावा मोहक दिसतो. पण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाईकालाही कर्ज मिळणार नाही. गिऱ्हाईक फक्त रोखीवालं आणि ते तुमच्यासारखंच स्वस्तात मागणार. पाडापाडीची नोटीस हा वेगळा धोका. मी घेणार नाही.

पेठेतली पागडीची जागा किंवा फार जुनी इमारत यांनाही कर्ज मिळायला अडचण येते, पण तिथलं कारण वेगळं. कोथरूडसारख्या भागात जुन्या सोसायटीला पुनर्विकासाची आशा असते आणि जाणकार माणूस तिथे मुद्दाम पूर्ण पैसे घालतो. फक्त ती आशा किती वर्षं मीटिंगच्या इतिवृत्तात पडून आहे, ते वाचून घ्या.

१२. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात कर्ज काढून घेतला तर?

ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू. वर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १ टक्का), जो रिसेलला किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला नाही. ताब्याआधीच्या व्याजाची वजावट बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत मिळते, नव्या पद्धतीत तीही भाड्यापुरतीच. भाड्यासाठी घ्यायचा असेल तर तयार फ्लॅट बरा. तरी घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत कराराआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा.

१३. व्याजदर वाढला तर?

वाढतोच कधीतरी. रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यामुळे अडीच टक्क्यांची वाढ थेट कर्जदारावर आली. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली, काहींची निवृत्तीच्या पलीकडे. १९ लाखांवर अडीच टक्के म्हणजे हप्त्यात तीन हजारांची वाढ, ६४ लाखांवर दहा हजारांहून जास्त. भाडं मात्र करारात ठरल्याप्रमाणेच वाढणार.

वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. म्हणून दर चढले की फेडायची सोय हाताशी ठेवा.

१४. आत्ता पूर्ण पैसे भरतो, नंतर गरज पडली तर त्याच फ्लॅटवर कर्ज काढीन. चालेल ना?

कर्ज मिळेल, पण ते गृहकर्ज नव्हे, तारण कर्ज. दर जास्त. आणि मोठा खड्डा असा की व्याजाची वजावट घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाला आहे. घर आधीच तुमचं झालंय, नंतरचं कर्ज मुलीच्या लग्नाला वापरलं तर भाड्यातून व्याज वजा होत नाही. मी पहिल्या फ्लॅटला हीच चूक केली, "कर्ज नंतरही काढता येतं" या भरवशावर.

दोन्ही हवं असेल तर ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज बघा. खरेदीच्या वेळीच कर्ज घ्यायचं, जवळचे पैसे त्या खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला काढता येतात. दर किंचित जास्त असतो. काढलेले पैसे दुसरीकडे वापरले तर वजावटीचं सीएंना विचारा.

१५. बायकोच्या नावावर घेतला तर १ टक्का वाचतो असं ऐकलं.

फक्त महिलांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आपल्या उदाहरणात ८० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. पण पैसे नवऱ्याने दिले असतील तर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तिचे स्वतःचे पैसे किंवा तिच्या पगारावरचं कर्ज असेल तर दोन्ही फायदे मिळतात. संयुक्त नावात व्याजाची वजावट हवी असेल तर दोघं मालकही हवेत आणि कर्जदारही.

१६. निवृत्तीचे ९० लाख मिळालेत. एक फ्लॅट घेऊन भाड्यावर राहायचा विचार आहे.

काका, मावशी, सगळे पैसे एका फ्लॅटमध्ये नका घालू. ८७ लाखांतून महिना १५,९०० येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्क्यांनी तेवढ्यावर वर्षाला २ लाख ४६ हजार येतात. एक तृतीयांश पैशात जास्त उत्पन्न आणि भाडेकरूच्या गळक्या नळासाठी वाकडला फेरी नाही. फ्लॅटची किंमत वाढते आणि योजनेतलं मुद्दल तेवढंच राहतं हे खरं, पण सत्तरीत वाढलेली किंमत खाता येत नाही. कर्जाने प्रश्न सुटत नाही. बँका साधारण सत्तरीपर्यंत फेड मागतात, मुदत लहान म्हणून हप्ता मोठा.

१७. विकणाऱ्याचंच कर्ज बाकी आहे. मी पूर्ण पैसे देतोय, धोका काय?

पैसे त्याच्या हातात देऊ नका. बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती बाकी आहे ते सांगणारं) आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या, बाकी रक्कम थेट त्याच्या कर्ज खात्यात भरा, उरलेली त्याला. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत दिलेच पाहिजेत आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्याआधी माझे कागद एका बँकेच्या कुठल्याशा गोदामातून यायला चार महिने लागले होते. बोजा, म्हणजे त्या कर्जाची नोंद, सरकारी नोंदींतून उतरल्याचाही पुरावा मागा.

१८. मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या नावाने घ्यायचा, पैसे त्याचेच. काय वेगळं?

खरेदीला अडचण नाही, पैसे बँकेमार्फत परदेशातून किंवा त्याच्या एनआरई, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून यायला हवेत. फरक भाड्यात आहे. मालक अनिवासी असला की भाडेकरूला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापावा लागतो. निवासी मालकाचं भाडं महिना ५० हजारांच्या आत असेल तर सामान्य भाडेकरू काहीच कापत नाही. या कटकटीमुळे बरेच भाडेकरू अनिवासी मालक नको म्हणतात, कंपनी लीजवाले तेवढे तयार असतात. कापलेला कर रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर हप्ता मुलाच्या खिशातून. म्हणून त्याच्यासाठी प्रश्न ५ मधली कर्जाची मर्यादा आणखी खाली आणा, नाहीतर टीडीएस कापल्यावर हातात पडणाऱ्या भाड्यावरच ती काढा.